बक्षीस कोणाला? देखण्या वळूला की नोंदवहीला?

विद्यार्थी मित्रहो, जत्रेत किंवा तालुक्याच्या गावी भरणारे जनावरांचे प्रदर्शन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. धुऊन-पुसून लख्ख केलेली जनावरे ओळीने उभी असतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. पंच येतात, पुढून पाहतात, मागून पाहतात, पाठीवरून हात फिरवतात, चार पावले चालवून बघतात. आणि मग एका जनावराच्या गळ्यात पहिल्या क्रमांकाचा पट्टा पडतो. टाळ्या होतात, छायाचित्र निघते, मालकाचा ऊर भरून येतो. त्यात वावगे काही नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हे बक्षीस नेमके कशाला मिळाले?

जनावराच्या रूपाला? त्याच्या अंगच्या गुणाला? मालकाने वर्षभर चारलेल्या पेंडीला? की ते जनावर पुढच्या पिढीला जे देणार आहे त्याला? या चार गोष्टी एक नव्हेत. आणि त्या एकच आहेत असे मानल्यामुळे अमेरिकेतील गोपालकांना विसाव्या शतकात दोनदा मोठी किंमत मोजावी लागली. ती हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

ही हकीकत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांची आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गाय-बैल दुधासाठी आणि शेतीसाठी पाळतात, महाराष्ट्रात तर गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे; मग हे आपण का वाचावे? याचे उत्तर असे की आनुवंशिकतेचे गणित सगळीकडे सारखेच असते. वासराचे वजन मोजा, गाईचे दूध मोजा, कोंबडीची अंडी मोजा किंवा ज्वारीच्या कणसातले दाणे मोजा, निवडीचा नियम बदलत नाही. शिवाय मोठेपण कशाला म्हणावे आणि सन्मान कोणाचा करावा, हा प्रश्न गोठ्यापुरता थोडाच आहे?

नामांकित बैल, पण वंशाविना

प्रथम दोनशे वर्षांमागे इंग्लंडमध्ये जाऊ. १७९६ साली डार्लिंग्टन गावाजवळच्या केटन येथे चार्ल्स कोलिंग या शेतकऱ्याच्या गोठ्यात एक शॉर्टहॉर्न जातीचे वासरू जन्मले. पाच वर्षांत त्याचे वजन १,३०० किलोंच्या पलीकडे गेले. १८०१ साली जॉन डे नावाच्या माणसाने ते २५० पौंडांना विकत घेतले. अवघ्या दोन महिन्यांत त्याला २,००० पौंड देऊ करणारे गिऱ्हाईक आले, तरी त्याने ते विकले नाही. खास बनवलेल्या गाडीत घालून सुमारे सहा वर्षे त्याने हे धूड इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरवले. लोक पैसे देऊन बघायला येत. त्याची चित्रे छापली गेली, त्याच्या नावाच्या खाणावळी निघाल्या. हाच तो 'डरहॅमचा बैल'.

आता गंमत पाहा. हा बैल खच्ची केलेला होता. त्याला एकही वासरू होणे शक्य नव्हते! साऱ्या देशाने ज्याला डोक्यावर घेतले, त्याने पुढच्या पिढीला काहीही दिले नाही. त्याच्या आईबापांचे आणि भावंडांचे मोल वाढले हे खरे; पण लोकांच्या डोळ्यांपुढे होता तो हा वांझ डोंगर.

याच्या थोडे आधी, लेस्टरशायरमधील डिशली येथे रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नावाचा शेतकरी वेगळ्याच रीतीने काम करीत होता. तो आपले मेंढे विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. दुसऱ्यांच्या कळपांत त्या मेंढ्यांना कशी कोकरे होतात हे तो पाही आणि ज्याची कोकरे सरस तो मेंढा परत आपल्या कळपात वापरी. झाड फळांवरून ओळखावे, तसा बाप लेकरांवरून ओळखावा, ही पैदासशास्त्रातील फार मोलाची कल्पना त्याच्या कामात दिसते. मात्र बेकवेललाही एक धडा मिळालाच. लाँगहॉर्न जातीच्या गाईंत त्याने चरबी भरण्याच्या गुणावर भर दिला. चरबी भरली, पण दूध आणि प्रजननक्षमता घटली, आणि ती जात लवकरच मागे पडली. एकाच गुणामागे धावले की दुसरे गुण हातचे जातात, हे तेव्हापासून दिसत आलेले आहे.

पंचांच्या नजरेने घडवलेला कळप

आता अमेरिकेत येऊ. १९०० साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शन सुरू झाले आणि ते १९७५ पर्यंत भरत राहिले. तेथे ज्या वळूच्या गळ्यात पट्टा पडे त्याच्या भावंडांना आणि वासरांना देशभर मागणी येई. म्हणजे प्रदर्शनातील पंच नुसते बक्षीस देत नव्हते. पुढच्या पिढीचा बाप कोण हे ते ठरवीत होते. डार्विनच्या नैसर्गिक निवडीत जे काम थंडी-वारा, दुष्काळ आणि वाघ-लांडगे करतात, ते काम येथे पंचांची नजर करीत होती.

१९४०–५० च्या सुमारास पंचांना आखूड पायांची, बुटकी, गोटीबंद जनावरे आवडू लागली. जनावर जितके जमिनीलगत आणि जितके भरीव, तितके ते उत्तम, असा समज पसरला. हिअरफर्ड आणि अँगस या दोन्ही जातींत वळू पिढीगणिक आखूड होत गेले. आणि मग अनेक कळपांत विचित्र वासरे जन्मू लागली : खुजी, फुगीर कपाळाची, पोट वाढलेली, घरघरत श्वास घेणारी. त्यांतली बहुतेक लहानपणीच मरत.

हे खुजेपण अप्रभावी जनुकामुळे येत होते. मेंडेलचे नियम तुम्ही शिकला आहात. तेव्हा हे गणित तुमचे तुम्हालाच करता येईल. ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे ते जनावर खुजे नसते. ते फक्त वाहक असते. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली तर सरासरीने चारांत एक वासरू खुजे, दोन वाहक आणि एक निर्दोष होते. म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या तीन वासरांपैकी दोघांच्या अंगात दोष लपलेला असतो. त्या काळच्या काही संशोधकांना असेही आढळले की वाहक जनावरे स्वतः किंचित आखूड आणि भरीव दिसत. पंचांना नेमकी तीच आवडत! दोष पसरवणाऱ्या जनावरालाच पट्टा मिळण्याची शक्यता अधिक, असा हा उफराटा प्रकार होता.

यातील सर्वांत वाईट भाग जनुकाचा नव्हता, माणसांचा होता. खुजे वासरू जन्मले की अनेक पैदासकार ती गोष्ट लपवीत. कारण उघड आहे. नामांकित वंशाला डाग लागला तर वळूंची किंमत कोसळणार. त्यामुळे वासरू गुपचूप नाहीसे होई, वंशावळीच्या पुस्तकात त्याची नोंद होत नसे, आणि दोष आणखी पसरे. पुस्तकात सगळे काही उत्तम होते; गोठ्यात मात्र नव्हते.

एखादा वळू निर्दोष आहे की वाहक, हे कसे ओळखावे? त्या वेळी रक्त तपासून कळण्याची सोय नव्हती. त्यासाठी त्या वळूचा वाहक असल्याचे ठाऊक असलेल्या गाईंशी संकर करावा लागे. वळू वाहक असूनही एक वासरू खुजे न होण्याची शक्यता तीनचतुर्थांश. दोन्ही वासरे खुजी न होण्याची तीनचतुर्थांश गुणिले तीनचतुर्थांश. असे करीत गेलात तर सोळा वासरांनंतर ही शक्यता साधारण शंभरात एक उरते. म्हणून अशा गाईंपासून सोळा वासरे झाली आणि एकही खुजे निघाले नाही, तर वळू निर्दोष मानायला हरकत नसे. (आकडेमोड करून पाहा.) पाहण्याने जे कळत नव्हते ते मोजण्याने कळू लागले.

लंबक दुसऱ्या टोकाला

खुजेपणाचा धसका बसल्यावर अमेरिकन गोपालक शहाणे झाले असतील असे तुम्हाला वाटेल. काही झाले. पण प्रदर्शनाचे रिंगण नजरेवरच चालत राहिले. फक्त नजर बदलली. बुटके वाईट, तर उंच चांगले! १९७० नंतर उंच, लांब पायांच्या जनावरांना पट्टे मिळू लागले आणि १९८० च्या दशकात तर उंचीची शर्यतच लागली. १९५० च्या सुमाराच्या विजेत्या जनावराचे छायाचित्र आणि १९८० नंतरच्या विजेत्याचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर पहिले जनावर माणसाच्या कमरेला लागते आणि दुसरे छातीच्या वर जाते.

उंच जनावर मोठे असते, मोठ्या गाईला चारा जास्त लागतो. ती उशिरा वयात येते. तिच्या अंगावर चरबी उशिरा भरते. वासरूही जन्मताना मोठे असते, म्हणून गाय विताना अडते. माळरानावर चरून पोट भरणाऱ्या गाईला हे परवडत नाही. पुन्हा एकदा पट्टा मिळवणारे जनावर वेगळे आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचे जनावर वेगळे, अशी फारकत झाली.

दोन्ही वेळा चूक एकच होती. ज्याचा सन्मान करावा ते वाढते. तुम्ही बुटकेपणाला बक्षीस दिलेत, बुटकेपण वाढले; उंचीला दिलेत, उंची वाढली. जनावराची जात ही पंचांच्या निर्णयाची फार आज्ञाधारक विद्यार्थिनी असते. म्हणून बक्षीस ठरवण्यापूर्वी शंभरदा विचार करायला हवा.

नजरेऐवजी वजनकाटा

याच काळात काही शास्त्रज्ञ आणि शेतकरी दुसऱ्या वाटेने चालले होते. आयोवा येथील जे लश यांनी १९३७ साली पशुपैदाशीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि निवडीला गणिताचा पाया दिला. जनावराची कामगिरी मोजा, नोंदवा, तुलना करा आणि मग निवडा, हे या पद्धतीचे सूत्र. ऐकायला सोपे आहे. पण न्याय्य तुलना करणे किती अवघड असते ते एका उदाहरणाने पाहू.

दोन गोऱ्हे समोर उभे आहेत. पहिल्याचे वजन २५० किलो, दुसऱ्याचे २१५ किलो. पट्टा कोणाला? तुम्ही पहिल्याचे नाव घ्याल. पण थांबा. पहिला २३० दिवसांचा आहे, दुसरा १८० दिवसांचा. तेव्हा दोघांनाही एका वयावर आणले पाहिजे. अमेरिकेत त्यासाठी २०५ दिवस हे वय धरतात, कारण साधारण त्या सुमारास वासरे आईपासून तोडतात.

पहिल्याचे जन्मवजन ३५ किलो होते. म्हणजे २३० दिवसांत तो २१५ किलो वाढला. या वेगाने २०५ दिवसांत वाढ सुमारे १९२ किलो. त्यात ३५ मिळवा, झाले २२७ किलो. दुसऱ्याचे जन्मवजन ३३ किलो. १८० दिवसांत वाढ १८२ किलो. २०५ दिवसांत सुमारे २०७. त्यात ३३ मिळवा, झाले २४० किलो. निकाल फिरला!

अजून एक गोष्ट आहे. समजा दुसऱ्याची आई दोन वर्षांची, पहिलारू आहे. तिला दूध कमी असते. पहिल्याची आई भर वयाची, भरपूर दुधाची. म्हणजे दुसरा गोऱ्हा अडचणीत वाढला. अमेरिकेतील प्रमाणपद्धतीत अशा पहिलारू गाईच्या गोऱ्ह्याला ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो वाढवून देतात. आता दुसऱ्याचे वजन २६७ किलो धरले जाईल. रिंगणात ३५ किलोंनी हलका दिसणारा गोऱ्हा प्रत्यक्षात ४० किलोंनी सरस निघाला.

आणि ही तुलनासुद्धा केव्हा खरी? दोघे एकाच कळपात, एकाच हंगामात, एकाच कुरणावर वाढले असतील तेव्हा. एकाला पेंड आणि दुसऱ्याला नुसते वाळके गवत मिळाले असेल, तर आपण गोऱ्ह्यांची नव्हे, मालकांच्या खिशांची तुलना करीत असतो.

बापाची किंमत लेकरांवरून

गोऱ्हा सरस निघाला, ठीक. पण तो आपला सरसपणा वासरांना किती देईल? अंगी आलेल्या फरकापैकी जेवढा भाग आनुवंशिक असतो त्या प्रमाणाला आनुवंशिकतांक म्हणतात. एक वर्षाच्या वयाच्या वजनासाठी तो साधारण ०.४ असतो. प्रजननक्षमतेसाठी तो फारच कमी, ०.१ च्या आसपास असतो.

समजा एक वळू आपल्या सोबत्यांपेक्षा ४० किलोंनी जड आहे. त्यातला ०.४ भाग, म्हणजे १६ किलो, आनुवंशिक. वासराला बापाकडून निम्मीच जनुके मिळतात, म्हणून वासरांत सरासरी ८ किलोंचा फरक दिसेल. चाळीसचे आठ झाले! बाकीचे बत्तीस किलो कोठे गेले? काही चाऱ्यात, काही हवापाण्यात, काही दैवात. आणि आनुवंशिक भागातले निम्मे अर्धीच जनुके पुढे गेल्यामुळे. डरहॅमच्या बैलाचे कौतुक करणाऱ्या गर्दीला ही वजाबाकी ठाऊक नव्हती.

म्हणून आज वळूचे मोल सांगताना त्याच्या वजनाऐवजी त्याच्या संततीत अपेक्षित असलेला फरक सांगतात. एका वळूचा आकडा १०० पौंड आणि दुसऱ्याचा ६० पौंड असेल, तर सारख्या गाईंपासून सारख्या परिस्थितीत पहिल्याची वासरे सरासरीने ४० पौंड जड भरतील, असा त्याचा अर्थ. हा आकडा काढताना वळूची स्वतःची, त्याच्या आईबापांची, भावंडांची आणि वासरांची माहिती एकत्र जुळवतात. ही जुळवणी करण्याची संख्याशास्त्रीय रीत कॉर्नेल विद्यापीठातील चार्ल्स हेंडरसन यांनी विकसित केली. ती प्रथम दुधाळ जनावरांसाठी वापरात आली. मांसासाठीच्या जातींपैकी सिमेंटल जातीच्या अमेरिकन संघटनेने १९७१ साली वळूंच्या अशा मूल्यमापनाची पहिली यादी छापली.

फोर्ट किओची गाय

नोंदी चिकाटीने ठेवल्या म्हणजे काय होते, याचे एक सुंदर उदाहरण मोंटाना राज्यात आहे. माइल्स सिटीजवळचे फोर्ट किओ हे पूर्वी लष्करी ठाणे होते. १९२४ साली ते शेतीखात्याकडे आले. तेथे १९३४ साली दोन सावत्रभाऊ असलेल्या हिअरफर्ड वळूंपासून एक कळप सुरू झाला. त्याचे नाव अगदी रुक्ष : 'लाइन वन'. त्यात बाहेरचे रक्त येऊ दिले नाही, आणि निवड प्रामुख्याने वाढीच्या मोजमापावर केली. पिढ्यान्‌पिढ्या जन्म, वजन, वीण, मृत्यू यांची नोंद होत राहिली. प्रदर्शनाच्या पट्ट्यासाठी हा कळप नव्हताच.

पुढे शास्त्रज्ञांनी गाईचा संपूर्ण जनुकसंच वाचायचे ठरवले. त्यासाठी कोणती गाय घ्यावी? ज्या गाईत नात्यातील संकरामुळे जनुकांच्या दोन्ही प्रती बऱ्याच अंशी सारख्या आहेत आणि जिच्या पूर्वजांची माहिती पक्की आहे, अशी गाय वाचायला सोपी. निवड झाली ती याच कळपातील 'एल वन डॉमिनेट ०१४४९' या गाईची. २००९ साली तिच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२,००० जनुके आढळली. जगभरचे शास्त्रज्ञ अन्य गाईंची जनुके तपासताना हा आराखडा पायाभूत म्हणून वापरू लागले. रिंगणात न मिरवलेल्या कळपाची ही लेक विज्ञानाच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. माझ्या मते कोणत्याही पट्ट्यापेक्षा हा सन्मान मोठा आहे.

आकड्यांचीही भूल पडते

आता तुम्हाला वाटेल, नजर वाईट आणि आकडे चांगले, संपले सारे. तसे नाही, मित्रहो. आकड्यांचीही मूर्तिपूजा होऊ शकते.

अँगस जातीत 'प्रिसिजन १६८०' नावाचा एक वळू १९९० साली जन्मला. त्याचे आकडे उत्तम होते. कृत्रिम रेतनामुळे त्याची संतती देशभर पसरली. २००८ साली काही कळपांत वाकड्या पाठीची, आखडलेल्या पायांची मृत वासरे जन्मू लागली. शोध घेता घेता धागा या वळूपर्यंत पोहोचला. तो एका अप्रभावी दोषाचा वाहक होता. त्याच्या वजनाचा, वाढीचा, मांसाच्या प्रतीचा आकडा बरोबरच होता. पण जे मोजलेच नव्हते ते आकड्यात दिसणार कसे? शिवाय सगळेच त्याच एका वंशाकडे धावले, म्हणून त्याचे वंशज एकमेकांशी गाठले आणि लपलेला दोष उघडा पडला.

मात्र १९५० च्या आणि २००८ च्या घटनांत एक मोठा फरक आहे. या वेळी पैदासकारांनी विकृत वासरांची माहिती दिली, नमुने पाठवले. नेब्रास्का विद्यापीठातील डेव्हिड स्टेफन आणि इलिनॉय विद्यापीठातील जोनाथन बीव्हर यांनी त्या आधारे दोष ओळखला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जनुकचाचणी उपलब्ध झाली. खुजेपणाचा प्रश्न वर्षानुवर्षे चिघळला होता. हा काही महिन्यांत आटोक्यात आला. विज्ञान पुढे गेले होते हे एक कारण. पण लपवलेल्या वासराची जनुकचाचणी कोणतेही विज्ञान करू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग सन्मान कोणाचा?

अमेरिकेत १९६८ साली बीफ इंप्रूव्हमेंट फेडरेशन ही संस्था स्थापन झाली. वेगवेगळ्या राज्यांच्या आणि जातींच्या संघटनांनी एकाच पद्धतीने मोजमाप करावे, हा तिचा हेतू. ही संस्था दरवर्षी पुरस्कारही देते. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की येथे पट्टा वळूच्या गळ्यात पडत नाही. सन्मान होतो तो माणसांचा. एक पुरस्कार शुद्ध वंशाचे वळू तयार करणाऱ्या पैदासकाराला आणि एक साध्या व्यापारी कळपाच्या गोपालकाला. शिवाय पायाभूत काम केलेल्या संशोधकांना, हे ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या पत्रकारांना आणि संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही. एका दिवसाच्या दिसण्यापेक्षा अनेक वर्षांच्या कामाकडे पाहण्याची ही रीत मला योग्य वाटते.

माझे मत विचाराल तर श्रेष्ठ पैदासकार ओळखताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : नोंद सगळ्यांची आहे का? केवळ उत्तम वासरांचीच वजने कळवली तर सरासरी फुगते. वर्गातल्या पहिल्या दहांचेच गुण जाहीर करून शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणण्यासारखे ते आहे. अमेरिकेतील रेड अँगस संघटनेने १९९५ पासून संपूर्ण कळपाची नोंद सक्तीची केली : गाय व्याली की नाही, वासरू जगले की मेले, सारे कळवायचे. कमी पडलेल्या जनावराची नोंद हीच नोंदवहीतली सर्वांत मौल्यवान ओळ असते.

दुसरा प्रश्न : गुण किती पाहिले? नुसते वजन पाहू नये. गाय सहज विते का, दरवर्षी गाभण राहते का, खूर-पाय धड आहेत का, स्वभाव गरीब आहे का, चारा किती खाते, हेही पाहावे. येथे अनुभवी डोळ्याला जरूर मान आहे. वाकडे खूर काट्यावर वजन करून कळत नाहीत. पण डोळ्याने पाहिलेलेही ठरावीक श्रेणीत लिहून ठेवले, तर त्याचेही मोजमाप होते.

तिसरा प्रश्न : त्याच्या वळूंनी दुसऱ्यांच्या कळपात काय केले? बेकवेलच्या मेंढ्यांची कसोटी आजही जुनी झालेली नाही. आपल्या कुरणात चमकणे सोपे; शेजाऱ्याच्या माळावर लेकरे तगली पाहिजेत.

आणि आपल्याकडे?

या कथेचा एक धागा थेट आपल्या नदीकाठी येतो. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात युरोपीय जाती उन्हाने आणि गोचिडांनी बेजार होत. तेथे भारतीय रक्ताच्या जनावरांपासून अमेरिकन ब्राह्मण ही जात तयार झाली. तिच्या पूर्वजांत गीर, गुजरात (कांकरेज) आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या 'कृष्णा व्हॅली' गुरांचेही नाव घेतात. परक्या देशात ज्यांचे गुण ओळखले गेले, ती कृष्णाकाठची गुरे येथे आता फार थोडी उरली आहेत. काळ्या मातीत नांगर ओढणाऱ्या या गुरांच्या सगळ्या गुणांची वेळीच नोंद होऊन त्यांची निवड झाली असती तर?

आपल्याकडेही वळूची परीक्षा त्याच्या लेकींच्या दुधावरून करण्याची पद्धत आता रुळते आहे. केंद्र सरकारने २०२१ पासून देशी जातींचे संगोपन करणाऱ्या गोपालकांना आणि कृत्रिम रेतन करणाऱ्या तंत्रज्ञांना राष्ट्रीय गोपाळ रत्न पुरस्कार देण्यास सुरुवात केली. ही पावले चांगली आहेत. पण गावोगावच्या प्रदर्शनांत अजून रूपालाच पट्टा मिळतो. खिल्लारचा डौल मलाही आवडतो. त्याला बक्षीस अवश्य द्यावे. त्याच मंडपात आणखी एक बक्षीस ठेवायला मात्र काय हरकत आहे? 'उत्कृष्ट नोंदवही' असे त्याचे नाव असावे. गाय केव्हा व्याली, दूध किती दिले, वासराचे काय झाले, हे ज्याने पाच वर्षे खरे लिहिले, त्या गोपालकाला व्यासपीठावर बोलवावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय वर्गातही करून पाहता येईल. घेवड्याच्या वीस शेंगा मुलांसमोर ठेवा. सर्वांत जास्त दाणे कोणत्या शेंगेत असतील ते डोळ्याने ठरवून क्रम लावायला सांगा. मग शेंगा सोलून दाणे मोजा, वजन करा आणि दोन्ही क्रम ताडून पाहा. ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा, अंडी घालताना लक्ष ठेवावे आणि वर्षभर वहीत लिहावे. सर्वांत देखणी कोंबडी आणि सर्वांत जास्त अंडी देणारी कोंबडी एकच निघते का, ते कळेल.

एक मात्र कराल ना, विद्यार्थी मित्रहो? ज्या दिवशी कोंबडीने अंडे दिले नाही, त्या दिवशी वहीत शून्य लिहा. रकाना कोरा सोडू नका. ते शून्य लिहिणारा हात कोणाचा आहे हे ज्या समाजाला ओळखता येते, त्याच्या गोठ्यात चांगली जनावरे आणि प्रयोगशाळेत चांगले शास्त्रज्ञ निपजतात.